चिलगोज्याचं आळं

“सोड! खाली ठेव ते खुरपं! माझ्या लेकराच्या मुळावर उठलीस व्हय गं तू?”

भामाबाईंचा आवाज अंगणभर कडाडला आणि त्रिवेणीच्या हातातलं खुरपं गळून आळ्यातल्या चिखलात पडलं. बिचारी! सासूबाई देवापुढे बसल्या की लवकर उठत नाहीत. तेवढ्या वेळात आळ्याची एक कड कापावी, साचलेलं पाणी बाहेर सोडून द्यावं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं भाकरी थापायला बसावं, एवढाच तिचा गुन्हा. पण भामाबाई त्या दिवशी फुलं घ्यायला विसरल्या होत्या. परडी घेऊन अंगणात आल्या त्या नेमक्या सुनेच्या पाठीशीच येऊन उभ्या राहिल्या.

“आत्याबाई, पाणी साचलंय हो... त्याला सोसत नाही ते. भाऊजी म्हणाले होते...”

“भाऊजी म्हणाले, भाऊजी म्हणाले! पोटात मी वाढवलं त्याला, आणि त्याच्या मनातलं मला तू सांगणार? तो तिकडं परमुलखात, अन् इथं त्याच्या झाडाचं पाणी तोडायलीस! तुझ्या पोटात काय दुखतंय ते सांग एकदा!”

काय सांगणार त्रिवेणी? आईविना वाढलेली ती पोर याच घरात ‘आई’ म्हणजे काय ते शिकली होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला ताप आला, तर याच बाईनं रात्रंदिवस उशाशी बसून तिच्या कपाळावर घड्या ठेवल्या होत्या. “माझ्या पोटी लेक नाही, ती सिकंदराबादच्या स्टेशनावर उतरून चालत आली बघा,” असं अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. त्या हातांनी आज तिला ढकललं. आणि ते कशापायी? एका कमरेएवढ्या झाडापायी!

आता त्या झाडाचीही गोष्ट सांगायला हवी.

भामाबाईंचे यजमान केशवराव हयात असताना थंडीच्या दिवसांत बेगम बाजारातून चिलगोज्यांची पुडी आणायचे. थोरला शिवराज दोन खाऊन उठायचा. धाकटा अविनाश मात्र दातांनी एकेक टरफल फोडत, आतली ती पांढरी, तेलकट, गोडसर बी जिभेवर घोळवत तासन् तास बसायचा. हा मुलगा इंजिनियर झाला, मित्रांबरोबर हिमालय बघायला गेला आणि येताना लोकरीच्या शाली आणायच्या सोडून प्लास्टिकच्या पिशवीतलं बोटभर रोप मांडीवर घेऊन आला! किन्नौरच्या कुठल्याशा रोपवाटिकेतून मागून आणलेलं चिलगोज्याचं रोप. पाइनचीच एक जात ती. अंबरपेठेतल्या त्या बैठ्या घराच्या अंगणात त्यानं लाल मुरमात खड्डा खणला, त्यात अजून खडे मिसळले आणि रोप लावलं. भामाबाई तेव्हा पेरणीसाठी उदगीरकडच्या शेतावर गेल्या होत्या. घरात होती ती त्रिवेणी.

“वहिनी, मोठं झालं ना, की याची साल पापुद्र्यांनी उतरते आणि आत चांदीसारखं खोड दिसतं. लोक नुसतं बघायला लावतात. हे बर्फ सोसतं, ऊन सोसतं, उपास सोसतं, खडकात उभं राहतं. एकच गोष्ट त्याला सोसत नाही. पाय ओले राहिले की संपलं! उन्हाळ्यात आठवड्याला तांब्याभर पाणी, बस. जास्त लाड नक्को.”

“आणि चिलगोजे कधी लागायचे हो भाऊजी?”

“वीस-पंचवीस वर्षांनी!”

“अगोबाई! म्हणजे तोवर माझे दात राहायचेत का?” असं म्हणून ती हसली होती. केवढी मनमोकळी हसली होती! पुढं कितीतरी वर्षं तिला तसं हसता येणार नव्हतं, हे तिला कुठं ठाऊक होतं?

गल्लीनं चेष्टा केली. हैदराबादच्या उन्हात हिमालयाचं झाड! पण ते चिवट रोप जगलं. अंबरपेठेच्या नळाला तेव्हा एक दिवसाआड पाणी यायचं, तेही धुणीभांडी होईतो संपायचं. झाडाला तांब्याभर मिळालं तर मिळालं. त्यातच ते खूश होतं. हळूहळू, अगदी हट्टी पोरासारखं आपल्याच मनानं वाढत गुडघ्याला आलं, मांडीला आलं.

मग दिवस पालटले. नव्या धोरणाचं वारं सुटलं, छपरांवर डिश बसल्या, हिमायतनगरात कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांच्या पाट्याच पाट्या लागल्या. अविनाशनं तिथंच काय ते शिकून घेतलं आणि एक दिवस अमेरिकेच्या विमानात बसला. भामाबाई फाटकाला धरून उभ्या राहिल्या, वळल्या, आणि पहिल्यांदाच त्या झाडाकडे नीट बघितलं. त्या दिवसापासून ते झाड झाड राहिलं नाही... अविनाश झालं!

तुळशीला पाणी घातलं की झाडाला पाणी. तुळशीला प्रदक्षिणा की झाडाला प्रदक्षिणा. “उठलास का रे बाबा? जेवलास का?” असं त्याच्याशी बोलणं. तांब्यानं पाणी होतं तोवर हेही निभलं असतं. पण अविनाशनं पहिले डॉलर धाडले त्यातून अंगणात बोअर मारली, मोटर बसली, बटण दाबलं की धो धो पाणी! जन्मभर कोरडवाहू शेतात आभाळाकडे बघत बसलेली बाई ती. तिच्या हातात अचानक एवढं पाणी आलं, आणि ते तिनं लेकाच्या पायाशी ओतलं. यात तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

आणि एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या भामाबाई कसल्या? काळ्या मातीत जन्मलेल्या, काळ्या मातीत घाम गाळलेल्या. मुरूम म्हणजे दगड, त्यात कुणाचं भलं होत नाही, हे त्यांच्या रक्तातच. त्या उदगीरला गेल्या, आपल्या वावरातली काळीभोर माती पोत्यात भरली आणि एसटीत पोतं मांडीवर घेऊन आल्या. “टपावर टाकू का, आजी?” असं विचारणाऱ्या कंडक्टरला म्हणाल्या, “बाबा, बापाची माती हाय, टपावर कशी टाकू?” घरी आल्या त्या चहाही न घेता अंगणात गेल्या. झाडाभोवतीचा मुरूम खोल उकरून काढला, काळी माती दाबून भरली, भोवती ऐसपैस आळं बांधलं. “परमुलखात राह्यलं लेकरू. त्याचे पाय आपल्या मातीत तरी असू दे.”

त्रिवेणीचं काळीज चरकलं. मुरमात पाणी क्षणात खाली जायचं, त्या चिकण मातीत ते दिवस दिवस उभं राहू लागलं. तिनं सांगून पाहिलं, विनवून पाहिलं, शिवराजला मध्ये घातलं. तो सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात कारकून, सरळ, मवाळ माणूस. आईपुढं “माय, थोडं कमी घाल की पाणी,” एवढंच पुटपुटला. “तूबी बायकोचंच ऐक!” एवढ्यावर त्याचा कारभार आटोपला. घरच्या फोनवर सासूबाईंसमोर काही बोलायची सोय नव्हती. शेवटी त्रिवेणी चौकातल्या आयएसडी बूथवर गेली. अविनाशचा नंबर लागला... पलीकडून यंत्रातली कुणी बाई इंग्रजीत काहीबाही बोलली, एक शिट्टी वाजली आणि सगळं शांत झालं. त्या शांततेत काय बोलायचं ते तिला कळेना. घाबरून तिनं रिसीव्हर ठेवला आणि पदरानं डोळे पुसत घरी आली.

सुयांसारखी हिरवी पानं आधी टोकाला पिवळी पडली. मग तांबूस. पिवळं दिसलं की भामाबाई अजून पाणी घालत, अजून पिवळं पडलं की अजून. आणि त्रिवेणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राही. बोललं तर वैरीण ठरायचं, गप्प बसलं तर झाड जायचं! खुरप्यानं चर काढायला गेली तो प्रसंग सुरुवातीला सांगितलाच. त्यानंतर तिनं झाडाजवळ जाणंही सोडलं.

अशातच अमेरिकेतून फोन आला. अविनाश बर्फावरून घसरला होता, पायाचं हाड मोडलं होतं. फारसा काही धोका नव्हता, तसं तो स्वतःच सांगत होता. पण भामाबाईंच्या हातून फोन गळाला. त्या धावत अंगणात गेल्या, त्यांनी झाडाची फांदी धरली, तर सगळ्या सुया झरझर खाली आल्या... झाड मेलं होतं.

त्या मटकन आळ्यातच बसल्या. चिखलानं लुगडं भरलं, भान नव्हतं. त्रिवेणी धावली. तिचे दोन्ही दंड घट्ट धरून भामाबाईंनी विचारलं, आणि तो आवाज ओरडण्याचा नव्हता, एखाद्या हरवलेल्या लेकराचा असावा तसा होता,

“त्रिवेणे... खरं सांग. माझ्या हातून तर काही झालं नाही ना गं? मीच तर नाही ना मारलं त्याला?”

त्रिवेणीनं त्या डोळ्यांत पाहिलं. तिथं झाड नव्हतंच. तिथं मोडक्या पायाचा अविनाश होता! ‘होय’ म्हटलं असतं तर ही बाई त्या क्षणी कोसळली असती, आणि वाचली असती तरी आपल्या हातांनी आपलं पोर मोडलं या समजुतीत उरलेलं आयुष्य जळत राहिली असती. ‘नाही’ म्हटलं तर पुढचा प्रश्न होताच... मग कुणी? त्रिवेणीच्या अंतःकरणात कसलं वादळ उठलं असेल! पण ओठांवर आलं ते शांतपणे आलं.

“तुमच्या हातून नाही, आत्याबाई. माझ्या हातून झालं. धुण्याचं सोड्याचं कढत पाणी मी... आळ्यात ओतलं. चुकून.”

दंडावरची बोटं सुटली. भामाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. त्या डोळ्यांतलं भय विझलं आणि त्या जागी जे पेटलं ते त्रिवेणीनं जन्मात पाहिलं नव्हतं.

“चुकून?” त्या म्हणाल्या. “खुरपंबी चुकूनच चालवत होतीस ना?”

दारात शिवराज उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि त्याला सगळं ठाऊक होतं. तो पुढं आला तशी त्रिवेणीनं नुसती मान हलवली. आत गेल्यावर तिनं त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. “माझी शपथ आहे, बोलाल तर.” “अगं, पण ती तुला जगू देईल का?” त्यानं विचारलं. “त्या जगतील ना,” ती म्हणाली.

झालं! भामाबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं. काही सांगायचंच झालं तर तुळशीपुढं उभ्या राहून मोठ्यानं सांगत. “तुळसामाय, आज वरणात मीठ पडलं नाही म्हणावं.” “तुळसामाय, माझा चष्मा कुठं ठेवला ते कुणाला दिसलं तर बरं होईल.” एखाद्याला हसू येईल, त्रिवेणी मात्र चष्मा शोधून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवी आणि आत जाऊन रडे. झाडाचा तो वाळला सांगाडा भामाबाईंनी काढू दिला नाही. “राहू दे. रोज दिसू दे ज्याचं त्याला.” आणि गल्लीत घरोघर सांगणं झालं. समोरच्या यादम्माला, शेजारच्या खैरुनबींना, कोपऱ्यावरच्या नामदेवराव शिंप्याच्या घरी... “दिराचं चांगलं बघवलं नाही हिला. उकळतं पाणी ओतलं हो माझ्या लेकाच्या झाडावर!” यादम्मा पूर्वी वाटीभर पुलिहोरा, तो चिंचेचा भात, घेऊन हक्कानं आत यायची, ती फाटकावरून तोंड फिरवून जाऊ लागली. भाजीवालीसुद्धा त्रिवेणीशी तुटक बोले. दोन वर्षं! एका शब्दानं सुटली असती, तो शब्द ती गिळून राहिली.

आणि मग अविनाश आला. पाय बरा झाला होता, तिकडं वैशालीशी लग्न झालं होतं, तिला सातवा महिना होता. वैशालीला आई नव्हती. म्हणून बाळंतपणासाठी आपल्या आईला न्यायलाच तो आला होता. खरं सांगायचं तर फोनवर आईचं रडणं ऐकून ऐकून त्याचंही मन वहिनीकडून फिरलं होतं. तो तिच्याशी नीट बोलला नाही. “कशा आहात” एवढंच, तेही बॅगेकडे बघत. भामाबाईंचा व्हिसा झाला, सामान बांधलं. परत कधी यायचं ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी अविनाश कुदळ घेऊन अंगणात उतरला. “माय, हे वाळलेलं दारात नक्को. निघण्याआधी काढून टाकतो.” भामाबाई पायरीवर बसल्या, शिवराज मदतीला गेला. त्रिवेणी दाराआड उभी राहिली. चार घाव पडले आणि अविनाश थांबला. कुदळ मुरमात शिरतच नव्हती. शिरत होती ती एका काळ्या, विटेसारख्या घट्ट गोळ्यात. त्यानं तो फोडला. आतून मुळं निघाली, काळीठिक्कर, बोटानं दाबली की भुसा होणारी. मग त्यानं त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं आणि बघत बसला. पाणी हललंही नाही. मोरी तुंबल्यागत तसंच उभं राहिलं.

“हे सोड्यानं नाही मेलं,” तो हळूच म्हणाला. “हे पाण्यात बुडून मेलंय. मुळं कुजलीत याची. अरे, मुरमात कुणी ही काळी माती भरली? दादा, ही माती इथं आणली कुणी?”

शिवराजनं मान खाली घातली. भामाबाईंचा चेहरा हळूहळू पांढरा पडत चालला... आणि दाराआडून त्रिवेणी पुढं आली.

“मी आणली, भाऊजी. मीच भरली ती माती.”

तिच्या तोंडातून ते निघून गेलं! दोन वर्षं तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. सासूवर घाव येताना दिसला की मध्ये जायचं. पण या वेळी एक गोष्ट ती विसरली. ते पोतं उदगीरपासून कुणाच्या मांडीवर आलं, हे भामाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

भामाबाई उठल्या. खांबाला धरून उठल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या तुळशीशी नाही, सुनेशी बोलल्या.

“खोटं बोलायलीस तू.”

“आत्याबाई...”

“खोटं! ती माती माझ्या वावरातली हाय. माझ्या मांडीवर आली. आत्ता खोटं बोललीस...” त्यांचा आवाज फाटला. “म्हंजे तव्हाबी खोटंच बोललीस? सोड्याचं पाणी... कधी ओतलंच नाहीस तू?”

त्रिवेणीनं पदर तोंडात कोंबला. शेवटी शिवराजच फुटला. “नाही ओतलं, माय! कधीच नाही ओतलं! तिनं शपथ घातली होती मला!”

“कामून? कामून गं केलंस असं? मी तुला काय काय बोलले... कुत्र्यासारखं वागवलं तुला! एकदा म्हणायचं होतंस, म्हातारे, तूच मारलंस म्हणून!”

“कसं म्हणू?” त्रिवेणी हुंदक्यांतून म्हणाली. “तुम्हाला ते झाड वाटत नव्हतं, भाऊजी वाटत होते. त्याच दिवशी भाऊजींचा पाय... तुम्ही जगला नसता, आत्याबाई. माझी एक आई गेली लहानपणी. दुसरी मी... माझ्याच तोंडानं कशी...”

पुढचं बोलणं झालं नाही. भामाबाई वाकल्या आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी सुनेच्या पायांना हात लावला! त्रिवेणी किंचाळून मागं सरली, खाली बसली, त्यांचे हात छातीशी धरले आणि दोघी त्या फोडलेल्या काळ्या ढेकळांत एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. अविनाश दोन पावलांवर उभा होता. “वहिनी, मी... मी पण...” एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

“मी येत नाही रे,” भामाबाई म्हणाल्या. “मी हिच्यापाशी राहते.”

केवढा लोभ झाला असेल त्रिवेणीला! दोन वर्षांनी मिळालेली आई... धरून ठेवावी, हेच तर तिला हवं होतं. पण तिकडं सातवा महिना लागलेली, आई नसलेली एक पोर वाट बघत होती. आई नसली की काय होतं, हे त्रिवेणीला दुसऱ्यानं सांगायला नको होतं.

“जायचं आत्याबाई,” ती डोळे पुसत म्हणाली. “वैशालीला कुणी नाही. मला... मला हे आहेत.”

टॅक्सी आली. सामान चढलं. विमानाची वेळ होत आली होती. भामाबाई फाटकाबाहेर पडल्या, पण टॅक्सीत बसल्या नाहीत. सरळ समोरच्या घराकडे चालू लागल्या.

“माय, कुठं चाललीस? उशीर होतोय!” अविनाश ओरडला.

त्यांनी यादम्माची कडी वाजवली. इतकी वर्षं हैदराबादेत राहून त्यांना तेलुगू कधी धड आली नाही. यादम्मा दारात आली तशा त्या मोडक्यातोडक्या शब्दांत, झाडाकडे आणि स्वतःच्या छातीकडे बोट दाखवत म्हणाल्या, “चेट्टु... नेने चंपिनानु. मा कोडलु कादु.” झाड मीच मारलं, माझ्या सुनेनं नाही. यादम्मानं काही विचारायच्या आत भामाबाई पुढच्या दाराशी पोचल्या होत्या. “खैरुनबी, झाड मैं मारी. बहू नै मारी. मैं झूट बोली तुमना, मेरेकू माफ करो.” त्रिवेणी त्यांच्या मागं धावत होती, “नका हो आत्याबाई, नका, माझ्यासाठी नका,” म्हणून पदर ओढत होती. पण त्या थांबेनात. नामदेवरावांचं घर झालं, त्यापुढचं झालं. जिथं जिथं दोन वर्षं त्यांनी सुनेची बदनामी पोचवली होती, तिथं तिथं ती मानी म्हातारी दम खात, पायऱ्या चढत, एकच वाक्य सांगून खाली उतरत होती. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत राहिला.

गल्लीच्या टोकाला त्या थांबल्या तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं. त्रिवेणीनं त्यांना धरलं.

“कशाला केलंत हे? माझं काय अडलं होतं?”

“तुझं कुठं अडलं होतं? माझं अडलं होतं,” भामाबाई म्हणाल्या. “मी तिकडं मेलेबिले, तर ही गल्ली तुला बोल लावत राह्यली असती. अन् तू खालमानेनं ऐकून घेतलं असतंस. तुला काय मी वळखत नाही?”

मग त्यांनी सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कानशिलांवर बोटं मोडली आणि टॅक्सीत बसल्या. खिडकीतून बाहेर आलेला त्यांचा हात गाडी वळेपर्यंत दिसत होता.

त्रिवेणी रिकाम्या फाटकात उभी राहिली. शिवराज बेगमपेठच्या विमानतळावर सोडायला गेला होता, घरात कुणी नव्हतं. थोड्या वेळानं समोरचं दार उघडलं. यादम्मा रस्ता ओलांडून आली, तिच्याशेजारी उभी राहिली आणि तिनं त्रिवेणीचा हात हातात घेतला.